लाइट गेल्यावर घरासाठी छोटा जनरेटर: मखमलाबाद रोड, नाशिक (प्रकल्प नोंदी)

१६ एप्रिल २०२५: लोडची पाहणी

कोपऱ्याच्या प्लॉटवरचं घर, सिंगल फेज कनेक्शन. मीटरनंतर ४० अँपिअरचा टू-पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन, पुढे डीबीत, म्हणजे स्विचांच्या पेटीत, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) आणि आठ एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच). ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे, त्याला १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला १ एचपीची मोनोब्लॉक मोटर.

घरच्यांची अडचण या भागात नेहमीची आहे. वळवाच्या पावसात फांद्या तारांवर येतात आणि लाइट काही तासांसाठी जाते. पंखे-दिवे इन्व्हर्टर ओढतो, पण फ्रीज आणि मोटर त्यावर चालत नाहीत, आणि बॅटरी संपली की सगळंच बसतं.

नेमप्लेटवर विश्वास न ठेवता प्रत्येक गोष्ट क्लॅम्प मीटरने मोजली. चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, आठ एलईडी आणि राउटर मिळून २१० वॅट. फ्रीज जुन्या कॉम्प्रेसरचा, चालताना १५० वॅट, सुरू होताना क्षणभर ९ अँपिअर. बॅटरी उतरलेली असताना इन्व्हर्टर चार्जिंगला २४० वॅट घेतो. मोटर चालताना ६.८ अँपिअर, म्हणजे साधारण १२०० वॅट. पण सुरू होतानाचा झटका ३१ अँपिअर. जनरेटर किती मोठा हवा ते हा शेवटचा आकडा ठरवतो, बाकीची बेरीज त्यापुढे किरकोळ आहे.

गीझर, एसी, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी जनरेटरवर चालणार नाहीत, हे आजच स्पष्ट सांगितलं. यातली एकही गोष्ट यादीत आली तर मशीन दुप्पट मोठं घ्यावं लागतं आणि पेट्रोलही त्याच मापात जळतं.

१९ एप्रिल: मशीनची निवड

पेट्रोलवर चालणारा, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेला, रेटेड (सतत देता येणारी) २.५ केव्हीए आणि कमाल २.८ केव्हीए क्षमतेचा जनरेटर ठरवला. १९६ सीसीचं एक सिलिंडर, मिनिटाला ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ.

हिशेब करताना नेहमी रेटेड आकडा धरायचा. खोक्यावर ठळक छापलेला कमाल आकडा काही मिनिटांपुरता असतो. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. हवा विरळ झाली की कार्बोरेटरच्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते. म्हणजे इथे ७ टक्के गेलेच, आणि मे महिन्यात चाळिशीच्या उन्हात आणखी थोडी जाते. २.५ मधून हे वजा केलं की हातात २.२ ते २.३ उरतात. मोटर १.२, फ्रीज ०.१५, इन्व्हर्टर लोड आणि चार्जिंग मिळून ०.४५: एकूण १.८ किलोवॅट. बसतं, पण मोटरच्या झटक्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागणार.

डिजिटल प्रकारचा, म्हणजे आतल्या आत वेव्ह स्वच्छ करून देणारा जनरेटरही पाहिला. आवाज कमी, कमी लोडवर पेट्रोलही कमी लागतं. पण त्याच पैशात निम्म्या क्षमतेचं मशीन येतं आणि ते मोटर उचलत नाही. घरात पाण्याची मोटर नसती तर तोच घ्या असं सांगितलं असतं.

२३ एप्रिल: जागा

जागेच्या बाबतीत तडजोड करत नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या तरी घरात शिरलेला हा वायू पुरेसा बाहेर जात नाही. म्हणून पार्किंग, जिना, बाल्कनी, डक्ट, अर्धवट शटर ओढलेलं गॅरेज या सगळ्या जागा बाद. कुठल्याही दार-खिडकीपासून किमान ६ मीटर, आणि त्यात शेजाऱ्याची खिडकीही मोजायची.

इथे मागच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात जागा मिळाली. स्वयंपाकघराची खिडकी साडेसात मीटरवर, शेजारची सर्वांत जवळची खिडकी नऊ मीटरवर. पावसाळ्यात नाशिकला वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून सायलेन्सरचं तोंड पूर्वेला, रस्त्याकडे. धूर घरावरून जाण्याऐवजी घरापासून दूर जाईल. तरीही कार्बन मोनॉक्साइडचे बॅटरीवर चालणारे दोन अलार्म घ्यायला सांगितले: एक मागच्या बेडरूममध्ये, दुसरा हॉलमध्ये. अलार्म वाजला तर आधी सगळ्यांनी घराबाहेर मोकळ्यावर यायचं, मग १०८ ला फोन. कारण शोधायचं काम त्यानंतर.

रो-हाऊस असेल आणि सहा मीटरची मोकळी जागा निघत नसेल, किंवा फ्लॅट असेल, तर जनरेटर घेऊच नये. तिथे दुसरी बॅटरी किंवा मोठा इन्व्हर्टर हाच मार्ग.

२८ एप्रिल: जोडणीचा आराखडा

सर्वांत आधी काय करायचं नाही ते. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरचा करंट घरातल्या सॉकेटमधून उलटा आत सोडायचा, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसतो. मेन बंद करायचं विसरलं की हाच करंट मीटरमधून लाइनवर आणि तिथून डीपीपर्यंत, म्हणजे भागातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातो. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो. उलट्या बाजूने २३० दिले की तोच ट्रान्सफॉर्मर वरच्या तारांवर हजारो व्होल्ट चढवतो. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा यात जीव जातो. शिवाय प्लग निसटला तर उघड्या पिनांवर थेट २३० व्होल्ट असतात. आणि लाइट अचानक आलीच, तर जनरेटरचं वाइंडिंग जळतं.

म्हणून मीटरचा मेन आणि डीबी यांच्यामध्ये ४० अँपिअरचा टू-पोल, तीन स्थितींचा चेंजओव्हर, म्हणजे पुरवठा बदलायचा स्विच: एका बाजूला महावितरण, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दोन्ही पुरवठे एकत्र होण्याची शक्यता यांत्रिकदृष्ट्याच उरत नाही.

टू-पोल का, हे वायरमन मंडळीही पुष्कळदा विचारतात. फक्त फेज बदलून न्यूट्रल एकच ठेवला तर जनरेटरचा न्यूट्रल महावितरणच्या न्यूट्रलला कायमचा जोडलेला राहतो. मग मीटरवर अर्थ लोडचा लाल दिवा लागण्यापासून ते आरसीसीबी विनाकारण पडण्यापर्यंत तक्रारी सुरू होतात, आणि लाइनवर काम करणाऱ्याच्या न्यूट्रलवर आपला करंट जाऊ शकतो.

दुसरा पर्याय होता निवडक सर्किटसाठी वेगळा छोटा डीबी. तो सोडून दिला. या घरात, आणि नाशिकमधल्या बहुतेक घरांत, इन्व्हर्टरच्या वायरिंगला फेज वेगळा ओढलेला असतो पण न्यूट्रल सामाईक. काही सर्किट जनरेटरवर आणि काही महावितरणवर टाकायची तर आधी प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल शोधून वेगळा करावा लागतो, म्हणजे जुन्या घरात भिंती फोडाव्या लागतात. अख्खा डीबी एकदम चेंजओव्हरखाली घेतला की तो प्रश्नच उरत नाही. फक्त जनरेटरवर असताना गीझर आणि एसीचे एमसीबी खाली पाडायचे. त्या दोन एमसीबींना लाल टेप लावली.

५ मे: फिटिंग

परवानाधारक ठेकेदाराकडून काम. मीटरचा मेन बंद करून, चेंजओव्हरच्या येणाऱ्या बाजूला करंट नाही याची टेस्टर आणि मीटर दोन्हींनी खात्री करून मग हात घातला. मीटरच्या आधीच्या सीलबंद भागाला हात लावायचा नाही. त्याची गरजही पडत नाही.

बाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर १६ अँपिअरचा तीन पिनांचा निळा इंडस्ट्रियल इनलेट, पाण्यापासून जपणाऱ्या झाकणाचा. पिना भिंतीवर आणि भोकं केबलच्या टोकाला, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. असं असेल तर केबल निघाली तरी उघड्या पिनांवर करंट राहत नाही. केबलचं दुसरं टोक जनरेटरच्या सॉकेटसाठी १६ अँपिअरचा साधा तीन पिनांचा प्लग.

केबल तीन कोअर, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची लवचीक, २० मीटर. १० अँपिअरला सुमारे ३ व्होल्ट पडतात, मोटरच्या झटक्याला १०. दीड चौरस मिलिमीटरची वायर स्वस्त पडते, पण तिच्यात पडणारे व्होल्ट पावणेदोन पटींच्या आसपास जातात आणि मोटर उचलायच्या क्षणी नेमके तेच भोवतात. केबल पूर्ण उलगडून वापरायची. गुंडाळी तशीच ठेवली तर आतून तापते.

इनलेटनंतर १० अँपिअर, सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका सोसणारा) टू-पोल एमसीबी. सर्व टोकांना लग (धातूची टोपणं) दाबून बसवले. लवचीक केबलचे तंतू नुसते पिळून स्क्रूखाली घातले की महिन्याभरात सैल पडतात. चेंजओव्हरच्या महावितरण बाजूला लाल इंडिकेटर दिवा लावला, म्हणजे जनरेटर चालू असताना लाइट आली की दिसेल.

६ मे: इंजिन पहिल्यांदा सुरू

नवं मशीन कोरडं येतं. ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल घातलं, डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहिली. अंगण उताराचं आहे, म्हणून सहा इंच उंच सपाट ओटा बांधून घेतला. उतारावर उभ्या मशीनचा ऑइल सेन्सर पातळी कमी समजतो आणि स्पार्क तोडतो. दोरी ओढून हात दुखतो, प्लग नवा, पेट्रोल आहे, तरी इंजिन धरत नाही. पुष्कळदा लोक कार्बोरेटर खोलून बसतात आणि दोष जमिनीच्या उताराचा असतो.

लोडशिवाय २३८ व्होल्ट, ५२.८ हर्ट्झ. पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं, नंतर दर १०० तासांनी.

८ मे: न्यूट्रल, अर्थिंग आणि आरसीसीबी

या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारा भाग हा आहे.

महावितरणचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. फ्रीजच्या बॉडीत फेज उतरला आणि कुणी हात लावला, तर गळणारा करंट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो, फेज आणि न्यूट्रलमधला तोल बिघडतो आणि आरसीसीबी पडतो. पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल मात्र कशालाच जोडलेला नसतो. तो अधांतरी असतो. गळणाऱ्या करंटला परतीचा रस्ताच नाही, म्हणून तोल बिघडत नाही आणि आरसीसीबी गप्प राहतो.

एकच ड्रिल मशीन थेट जनरेटरला लावलं असेल तर ही अधांतरी स्थिती उलट सुरक्षित आहे. अख्ख्या घराचं वायरिंग जोडलं की तसं राहत नाही. पहिला दोष कुणाला कळतच नाही, काही पडत नाही, घर चालू राहतं. त्या दोषाने न्यूट्रल जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर गेलेला असतो. दुसरा दोष आला की माणसाच्या अंगातून रस्ता पूर्ण होतो.

जोडणी मुद्दाम दोन टप्प्यांत ठेवली, म्हणजे फरक मोजता येईल. न्यूट्रल अधांतरी असताना डिजिटल मीटरवर फेज ते अर्थ ११२ आणि न्यूट्रल ते अर्थ ११८ व्होल्ट दिसले. निऑन टेस्टर दोन्ही तारांवर पेटला. 'जनरेटरवर न्यूट्रलमध्येही करंट येतो' ही तक्रार येते ती यामुळेच.

मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. तो लगेच पडला. इथेच फसगत होते. ते बटण आरसीसीबीच्या आतच, एका बाजूचा फेज आणि दुसऱ्या बाजूचा न्यूट्रल यांमध्ये एक रेझिस्टर टाकून खोटा असमतोल तयार करतं. अर्थिंगशी त्याचा काही संबंध नाही. अर्थ अजिबात नसलेल्या घरातही बटण दाबलं की तो पडतोच.

खरी चाचणी झिरोच्या बल्बने. जुन्या फिलामेंटचा झिरोचा बल्ब नावालाच झिरो, तो १५ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे सुमारे ६५ मिलिअँपिअर. बंद होल्डरमध्ये बसवून, इन्सुलेटेड क्लिपांनी फेज आणि अर्थ यांत जोडायचा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ठीक असेल तर बल्ब लुकलुकायच्या आत पडला पाहिजे. हल्ली झिरो म्हणून एलईडी बल्ब मिळतात, ते या कामाचे नाहीत. अर्ध्या वॅटच्या बल्बने आरसीसीबी कधीच पडणार नाही. ही चाचणी फक्त वायरमनने करायची.

अधांतरी न्यूट्रलवर बल्ब लावला: पेटला नाही आणि आरसीसीबीही पडला नाही. म्हणजे या क्षणी घरातली सगळी माणसं संरक्षणाशिवाय होती, आणि बटण मात्र 'सगळं ठीक' सांगत होतं.

मग दुसरा टप्पा. इनलेटच्या पेटीत, म्हणजे चेंजओव्हरच्या जनरेटरच्या बाजूला, न्यूट्रल आणि अर्थ यांत ४ चौरस मिलिमीटरचा हिरवा लिंक (दोन्ही जोडणारी तार) टाकला. इनलेटची अर्थ पिन घराच्या अर्थ बारला, आणि केबलच्या तिसऱ्या तारेतून जनरेटरच्या फ्रेमला. लिंक आरसीसीबीच्या आधीच हवा. नंतर घातला तर आरसीसीबी कायम पडत राहील. आणि चेंजओव्हर टू-पोल असल्यामुळे घर महावितरणवर असताना हा लिंक पूर्ण अलग राहतो.

आता फेज ते अर्थ २३४, न्यूट्रल ते अर्थ शून्य. बल्ब लावताच आरसीसीबी पडला. प्रत्येक खोलीतल्या एका सॉकेटवर हीच चाचणी केली. वरच्या खोलीत आरसीसीबी पडला नाही. सॉकेट उघडल्यावर अर्थची तार मागेच तुटलेली सापडली. जनरेटर नसता तरी ते सॉकेट धोक्याचंच होतं.

एक गोष्ट अजून. नाशिकची जमीन काळ्या बसाल्टवरची, वरचा मुरूम मे महिन्यात खडखडीत वाळलेला. अर्थ टेस्टरवर घराच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स १४ ओहम आला, चांगल्या अर्थिंगपेक्षा जास्त. पाणी आणि बेंटोनाइट घालून तो उतरवणार आहोत. पण जनरेटरवर असताना दोषाचा करंट मातीतून जातच नाही. अर्थ बार, केबलची तिसरी तार, लिंक, असा तांब्यातूनच परत येतो. म्हणून केबलची ती तिसरी तार अंगणात ठोकलेल्या वेगळ्या सळईपेक्षा कितीतरी कामाची आहे. तरीही एमसीबीवर भिस्त ठेवता येत नाही. छोटा जनरेटर शॉर्ट झाल्यावर आपल्या क्षमतेच्या दोन-तीन पटच करंट देऊ शकतो, आणि सी कर्व्हच्या एमसीबीला लगेच पडायला पाच ते दहा पट लागतो. जनरेटरवर चालणाऱ्या घरात जीव वाचवणारी वस्तू एकच, आरसीसीबी.

१२ मे: इन्व्हर्टर जनरेटर धरेना

इन्व्हर्टर दर चार-पाच सेकंदांनी टकटक करत मेनवर येतो आणि परत बॅटरीवर जातो. कारण मागच्या छोट्या स्विचमध्ये. तो 'यूपीएस' मोडवर होता, त्यात पुरवठा साधारण १८० ते २६० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच्या जवळ असावा लागतो. चार्जिंगचा लोड पडला की फ्रिक्वेन्सी हलते, इन्व्हर्टर सोडतो, लोड गेला की ती पुन्हा चढते. स्विच नॉर्मल मोडवर टाकला आणि गव्हर्नरचा (इंजिनाच्या फेऱ्या सांभाळणाऱ्या भागाचा) स्क्रू थोडा सैल करून लोडशिवायची फ्रिक्वेन्सी ५२ वर आणली. पूर्ण लोडवर ४९.६ मिळते. आता धरून राहतो. नॉर्मल मोडमध्ये अदलाबदल जरा सावकाश होते, डेस्कटॉप कॉम्प्युटर बंद पडू शकतो. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे.

१५ मे: पाण्याची मोटर

फ्रीज आणि इन्व्हर्टर चालू असताना मोटर लावली. इंजिन दबलं, व्होल्टेज १४८ वर आलं, मोटर नुसती घुमत राहिली आणि स्टार्टरच्या रिलेने सोडून दिलं. सगळं बंद करून फक्त मोटर लावली, तरी उचलायला फार वेळ घेत होती.

मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर काढून मोजला. वर २५ मायक्रोफॅरड लिहिलेलं, प्रत्यक्षात १७. महावितरणच्या लाइनवर हे कधी जाणवत नाही, कारण तिथे मागे भक्कम ट्रान्सफॉर्मर असतो आणि अशक्त कपॅसिटरची मोटरही ओढून नेली जाते. जनरेटर ती मुभा देत नाही. २५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा नवा कपॅसिटर बसवला. आता एकटी मोटर लावली की व्होल्टेज १७८ पर्यंत खाली जाऊन अर्ध्या सेकंदात २२६ वर येतं. त्यानंतर फ्रीज, मग इन्व्हर्टर.

क्रम ठरला: मोटर नेहमी पहिली. जनरेटर मोटर उचलत नाही म्हणून मोठं मशीन घ्यायला निघालेल्यांनी आधी हा छोटा कपॅसिटर तपासावा.

२० मे: पेट्रोल किती जातं

पेट्रोलची टाकी मापाने भरून तासाभराच्या दोन चाचण्या. फक्त फ्रीज आणि इन्व्हर्टर, सरासरी ५५० वॅट: ०.७ लिटर. मोटरसकट १.७ किलोवॅट: १.१ लिटर. पेट्रोल शंभराच्या वर धरलं तर पहिल्या पद्धतीत एक युनिट सव्वाशे रुपयांच्या पुढे जातं, दुसऱ्यात सत्तरच्या आसपास. इंजिन कमी लोडवर चालवलं तरी फेऱ्या तेवढ्याच ठेवतं, म्हणून फुकट जळतं.

यावरून वापराची पद्धत ठरवली. लाइट गेली की लगेच जनरेटर लावायचा नाही. पंखे-दिवे इन्व्हर्टरवर. फ्रीजचं दार बंद ठेवलं तर चार तास काही बिघडत नाही. लाइट तीन तासांपेक्षा जास्त गेली तरच जनरेटर, तोही दोन तास: गच्चीवरची पाण्याची टाकी भरून घ्यायची, फ्रीज गार करायचा, बॅटरी चढवायची, आणि बंद. दोन तासांत बॅटरी पंचवीस-तीस एएचच भरते, म्हणजे पाचवा हिस्सा. ती पूर्ण भरण्यासाठी जनरेटर चालवत बसणं परवडत नाही.

रात्री १० ते सकाळी ६ चालवायचा नाही, हेही यातच आलं. पेट्रोल जनरेटरला ८६ डेसिबल ध्वनिशक्तीची मर्यादा आहे. सात मीटरवर ते ६१ डेसिबलच्या आसपास ऐकू येतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवायला सांगितलं.

२७ मे: पेट्रोलचा साठा

पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. इथे दहा लिटरचा एक धातूचा कॅन पुरेसा आहे. घराबाहेर, सावलीत, कुलुपात. जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराशेजारी नाही. पंपावर कॅन जमिनीवर ठेवून भरायचा, डिकीत ठेवून नाही, कारण स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. चालू किंवा गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. पंधरा मिनिटं थांबायचं.

आताचं पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर बसतो. कॅनमधलं पेट्रोल महिना-दीड महिन्याने गाडीत ओतून संपवायचं आणि नवं भरायचं.

४ जून: छप्पर

चार खांबांवर पत्रा, मशीनपासून मीटरभर उंच, चारही बाजू उघड्या. चालू मशीनवर ताडपत्री कधीही टाकायची नाही. इनलेटचं झाकण बंद होतं का ते पुन्हा पाहिलं.

१४ जून: हस्तांतर

डीबीच्या दाराआत प्लास्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवला. त्यावरचा मजकूर असा:

चालू करताना: ऑइल पाहा. केबल आधी इनलेटला, मग जनरेटरला. इंजिन सुरू करून तीन मिनिटं लोडशिवाय चालवा. डीबीतले सगळे एमसीबी खाली. चेंजओव्हर मध्ये, मग जनरेटरवर. मोटर, फ्रीज, इन्व्हर्टर या क्रमाने एमसीबी वर. लाल टेपचे दोन खालीच.

बंद करताना: लाल दिवा लागल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण लाइट आल्या आल्या व्होल्टेज वर-खाली होतं. एमसीबी खाली, चेंजओव्हर मध्ये. इंजिन तीन मिनिटं मोकळं चालवून बंद. फ्युएल कॉक बंद. चेंजओव्हर महावितरणवर, एमसीबी वर.

लाइट गेल्याची तक्रार १९१२ वर नोंदवायची, जनरेटर असला तरी.

घरातल्या तिघांकडून हे प्रत्यक्ष करून घेतलं. चेंजओव्हरचा दांडा मध्यावर थांबवायचं सगळ्यांच्या हातून सुटतं, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा करवून घेतलं.

१२ जुलै: महिन्याची फेरी

महिन्यातून एकदा वीस मिनिटं, निम्म्या लोडवर चालवायचं ठरलं आहे. लोडशिवाय नुसतं चालवून उपयोग नाही. वाइंडिंग तापलं तरच ओलावा उडतो. फार महिने बंद पडलेल्या मशीनचं रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व जातं आणि इंजिन चालतं पण व्होल्टेज येत नाही. तेव्हा एव्हीआर काढून, १२ व्होल्ट बॅटरीचा करंट ब्रशवर दोन-तीन सेकंद देऊन ते परत आणता येतं, पण तो मेकॅनिकचा उद्योग.

आज इंजिन वर-खाली करत होतं, व्होल्टेजही त्याच्याबरोबर हलत होतं. चोक अर्धा ओढला की सुरळीत. याचा अर्थ पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे जेट चोंदलाय. मागच्या वेळी फ्युएल कॉक उघडाच राहिला होता आणि कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल वाळलं. वाटी उतरवून जेट कार्ब क्लीनरने आणि हवेने साफ केला, तार घातली नाही; तारेने भोक मोठं होतं. स्पार्क प्लगचा गॅप ०.७५ मिलिमीटर, ठीक. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन, ऑइलचे दोन थेंब पिळून बसवला. कागदावर एक ओळ वाढवली: पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या.

अर्थिंग पावसानंतर मोजलं, ४.२ ओहम. उन्हाळ्यात ते पुन्हा चढणार, म्हणून पुढची मोजणी एप्रिलमध्ये. झिरोच्या बल्बची चाचणी जनरेटरवर पुन्हा केली. वरच्या खोलीतल्या दुरुस्त केलेल्या सॉकेटवरही आरसीसीबी लगेच पडला.